भरलेल्या हॉलात एकदा

यवतमाळला बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ मिळाला, ही बातमी मला पेपरातून नाही, भाजीवालीकडून कळली. मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "बाई, आपल्या गावाची टीम आली म्हणते. टोपलीत चेंडू टाकाची. आता टीव्हीत यवतमाळ दिसन." टोपलीत चेंडू टाकायला टीम कशाला लागते, हा प्रश्न तिलाही होता. पण टीव्हीत यवतमाळ दिसणार, याचा आनंद त्याहून मोठा होता.

तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी नर्स होते, त्यातली शेवटची बारा वर्षं हाडांच्या वॉर्डात. लग्न केलं नाही. करायचंच नाही असं काही ठरवलं नव्हतं. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग वडिलांचं आजारपण, मग आई, असं होता होता लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. भाऊ उमरखेडला दुकान चालवतो. आई गेल्यावर दारव्हा रोडच्या मागच्या गल्लीतल्या चार खोल्या मी एकटी झाडू लागले.

एकटं राहणं मला जड गेलं असं मी कोणाजवळ बोलले नाही. पण ड्यूटीवर असताना दिवसभरात कितीदा तरी 'सिस्टर' अशी हाक यायची, तिची कानाला इतकी सवय झाली होती की ती बंद झाल्यावर काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. एकदा बाजारात मागून कोणीतरी 'सिस्टर' म्हणालं. मी पिशवी सांभाळत वळले. कॉलेजातली एक मुलगी तिच्या मैत्रिणीला गमतीनं हाक मारत होती. मी उगाच बाजूच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना साबण घेतला.

त्या हिवाळ्यात गाव बदलल्यासारखं झालं. बसस्थानक चौकात मोठा फलक लागला, पिवळ्या जर्सीतले पाच उंच खेळाडू हाताची घडी घालून आर्णी रोडकडे बघत उभे. ऑटोंच्या मागे पिवळे झेंडे आले. सलूनवाल्यानं काचेवर 'बास्केटबॉल कटिंग' असं रंगवून घेतलं, ती कटिंग नेमकी कशी ते त्यालाही ठाऊक नसावं. क्रीडा संकुलाच्या हॉलसाठी लाकडी फरशी ट्रकमधून आली, तेव्हा ती बघायला लोकांची रांग लागली. मीही गेले. दारात कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे चपला काढून आत जात होते आणि त्या चकचकीत लाकडाच्या कडेला हात जोडून उभे राहिल्यासारखे उभे राहत होते. माझ्या पुढचा माणूस बायकोला समजावत होता, "दुरून टाकला तर तीन पॉइंट, जवळून टाकला तर दोन." बायको म्हणाली, "दुरूनच टाका मंग सारे."

पहिल्या सामन्याला महिना होता, तेव्हा शेजारच्या वहिनी संघाच्या व्यवस्थापकाला घेऊन माझ्याकडे आल्या. वहिनींचे यजमान लोहाऱ्याच्या कारखान्यात आहेत, तिथल्याच एका मालकानं संघात पैसा घातलेला, म्हणून ओळख निघाली. बाकीचे खेळाडू हॉटेलात होते, पण वयानं मोठ्या एका खेळाडूला तिथं झोप लागत नव्हती. खाली लॉनवर रोज लग्नं, रोज डीजे. त्याला शांत घर हवं होतं, आणि तळमजला.

"ताई, तुमची आईची खोली रिकामीच हाय न," वहिनी म्हणाल्या. "चांगला माणूस हाय म्हणते. लेकराबाळांचा."

मी विचार करून सांगते म्हणायला हवं होतं. मी लगेच हो म्हणाले. भावाला फोनवर सांगितलं तर तो रागावला. "अनोळखी माणूस घरात घेऊन राह्यली तू? तुले काय गरज पडली?"

खेळाडूची उंची कळल्यावर सुताराला बोलवावं लागलं. आईचा सागवानी पलंग होता, साधा, पण भक्कम. सुतारानं टेप लावला, मग व्यवस्थापकानं चिठ्ठीवर लिहून दिलेली उंची पुन्हा वाचली. "बाई, हा माणूस हाय का ताडाचं झाड," तो म्हणाला. पायथ्याची फळी काढून त्यानं पुढे दीड हात लाकूड जोडलं आणि खाली दोन नवे पाय दिले. तो रंधा मारत होता तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. आईचा पलंग कोणासाठी कापावा लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं. पण पलंग तयार झाला, चादर घातली, तेव्हा ती खोली कोणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसली, आणि मला बरं वाटलं, हेही खरं.

तो पंजाबातला होता, सरहद्दीजवळच्या एका गावचा. पस्तिशी ओलांडलेली. दाढीत थोडे पांढरे केस. दारातून वाकून आत आला, तरी आतल्या दाराची चौकट त्याला लागलीच. कपाळ चोळत हसला. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "आपको क्या कहूँ? आंटी कहूँ?"

"पहले सब लोग सिस्टर बोलते थे," मी म्हणाले. "अब कोई कुछ नहीं बोलता."

"तो मैं सिस्टर जी कहूँगा," तो म्हणाला. इतकं सहज, की त्याला काही विशेष वाटलंच नसणार.

त्याचा दिवस ठरलेला असे. सकाळी आठ उकडलेली अंडी, मग सराव. दुपारी जेवायला घरी. ज्वारीची भाकर त्याला सुरुवातीला चावेना, पण वांग्याची भाजी आवडली. तुरीच्या शेंगांचे दिवस होते. मी मीठ घालून पातेलंभर उकडायची आणि तो दारातल्या पायरीवर बसून एकेक शेंग दातानं ओढत सगळ्या संपवायचा. येणारेजाणारे थांबून बघत. गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून येत. इतकी वर्षं माझ्या दारावरून सरळ जाणारी माणसं आता विचारत, "आहेत का ते? फोटो काढू देतीन का?"

आई होती तेव्हा आम्ही दोघी संध्याकाळी मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणायचो. ती गेल्यावर मी मनातल्या मनात म्हणू लागले, मग तेही राहिलं. तो आल्यावर एका संध्याकाळी मी पुन्हा मेणबत्ती लावली आणि मोठ्यानं म्हटली. पुढच्या खोलीतला टीव्ही बंद झाल्याचं मला ऐकू आलं. त्या दिवसापासून त्या वेळेला तो टीव्ही बंद ठेवायचा. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

बोलायचो ते खेळाबद्दल. तो बारा वर्षं एका सरकारी खात्याच्या संघातून खेळला होता. "सिस्टर जी, हमारे मैच देखने कोई नहीं आता था," तो सांगायचा. "बड़ा स्टेडियम, और अंदर दस लोग. उनमें से चार चौकीदार." फायनल जिंकली तेव्हा टाळ्या वाजवायला दुसऱ्या सामन्यासाठी थांबलेल्या मुली तेवढ्या होत्या. त्याचे वडील एकदा गावाहून मुद्दाम आले, आणि रिकाम्या खुर्च्या बघून त्यांनी विचारलं, सामना रद्द झाला का.

"यहाँ तो सड़क पर लोग रोकते हैं," तो म्हणाला. "एक बार भरे हुए हॉल में खेलना है. बस एक बार. उसके बाद छोड़ दूँगा."

गुडघ्याचं मला सामन्याच्या आठ दिवस आधी कळलं.

सरावावरून आला आणि नेहमीसारखा पायरीवर न बसता सरळ खोलीत गेला. मी चहा घेऊन गेले तर डावा गुडघा दोन्ही हातांत धरून बसलेला. त्यानं पटकन चादर ओढली. मी कप ठेवला आणि चादर बाजूला केली. हे मी विचारून केलं नाही. बारा वर्षांच्या सवयीनं हात आपोआप गेला. गुडघा सुजला होता. वाटीवर बोट दाबलं की खाली पाणी हलत होतं. मांडी मोजायची गरज नव्हती, डावी उजवीपेक्षा बारीक झालेली डोळ्यांना दिसत होती. म्हणजे दुखणं कालपरवाचं नव्हतं.

"कितने दिन से है?"

"पुराना है. ठीक हो जाता है." मग चादर पुन्हा ओढत, "सिस्टर जी, टीम में किसी को मत बताना."

मी माझी जुनी पेटी काढली. क्रेप बँडेज, कात्री, चिकटपट्टी, सगळं जागच्या जागी होतं. मी बर्फ लावला, बँडेज बांधलं, घडी कुठे येऊ नये, कुठे घट्ट, कुठे सैल. त्यानं पाय हलवून बघितला आणि म्हणाला, "आपके हाथ में जादू है." त्या रात्री मला किती दिवसांनी गाढ झोप लागली.

हे मला इथं स्पष्ट लिहायला हवं. त्या दिवशीच संघाच्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं. वॉर्डात असते तर सांगितलं असतं, एक मिनिट घालवलं नसतं. पण मी सांगितलं नाही. मी स्वतःला म्हणत होते की त्याचं मन मोडायचं नाही. खरं कारण वेगळं होतं. रोज सकाळी तो सरावाला निघण्याआधी पाय लांब करून बसायचा आणि मी बँडेज बांधायची. दुपारी सोडायची, बर्फानं शेकायची, पुन्हा बांधायची. माझ्या हातांना काम मिळालं होतं. कोणाला तरी माझ्यावाचून चालत नव्हतं. असे सात दिवस गेले आणि ते सात दिवस मला फार सुखाचे गेले.

गाव तोवर वेडं झालं होतं. तिकिटांच्या खिडकीसमोर बायकांची वेगळी रांग लागली. लाउडस्पीकर लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरून सामन्याची वेळ सांगत होती. वहिनींनी पिवळ्या साड्यांची चौकशी केली तर दुकानात पिवळा रंगच संपलेला. आदल्या दिवशी खेळाडूंची मिरवणूक निघाली, उघड्या ट्रकमधून. मी चौकात उभी होते. फलकावरचे तरुण खेळाडू पुढे उभे राहून हात हलवत होते. तो मागच्या बाजूला कठड्याला धरून उभा होता, सगळं वजन उजव्या पायावर. लोकांना ते दिसत नव्हतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

घरी आला आणि पायरी चढताना त्याचा गुडघा अडकला. वाकलेला पाय सरळ होईना. भिंतीला धरून तो उभा राहिला, घाम फुटलेला. बराच वेळ हळूहळू हलवल्यावर काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि पाय सरळ झाला. गुडघा असा अडकतो तेव्हा आत काय झालेलं असतं हे मला माहीत होतं. अशा पायावर उडी मारली तर काय होतं, तेही मी पाहिलेलं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा पाय लांब करून बसला. मी बँडेज हातात घेतलं आणि परत पेटीत ठेवलं.

"आज नहीं बाँधूँगी," मी म्हणाले. "तुम आज खेलोगे नहीं."

त्याला आधी ते गमतीनं म्हटल्यासारखं वाटलं. मग माझ्याकडे बघून त्याचा चेहरा बदलला. "बस आज का मैच, सिस्टर जी. कल जो कहोगी वो करूँगा."

"आज के बाद कल कुछ करने लायक नहीं बचेगा. मैं तुम्हारे डॉक्टर को बताने जा रही हूँ."

तो उठला. उभा राहिला की त्याचं डोकं पंख्याच्या जवळ जायचं. आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाला, "आप मेरी लगती कौन हैं?"

मी पेटीचं झाकण लावलं. चप्पल घातली आणि निघाले.

ऑटोवाल्याच्या कपाळाला पिवळी पट्टी होती. "हॉलवर जाता का मावशी? एवढ्या सकाळी? मॅच तं संध्याकाळी हाय." तो बोलतच राहिला. कोण कसा खेळतो, कोण किती उंच उडतो. कधी न पाहिलेल्या खेळाडूंबद्दल तो घरच्या माणसांसारखं बोलत होता. "तुमी पाहाच, आज आपण जितून राह्यलो," तो म्हणाला.

हॉलमध्ये झालरी लावायचं काम चालू होतं. संघाचे डॉक्टर तरुण होते, हातात फोन, मागे दोन माणसं. मी सगळं सांगितलं, सूज, अडकणं, मांडीचा बारीकपणा. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांच्या कोण?" अर्ध्या तासात दुसऱ्यांदा तोच प्रश्न. मी म्हणाले, "ते माझ्या घरी राहतात. मी हाडांच्या वॉर्डात बारा वर्षं नर्स होते." मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि नीट ऐकून घेतलं. किती दिवसांपासून आहे असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला आठ दिवसांपासून माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुपारी त्याला बोलावून तपासलं आणि संघातून वगळलं. हे मला वहिनींकडून कळलं. तो जेवायला आला नाही.

सामन्याला जावं की नाही, हे मला पाच वाजेपर्यंत ठरवता येईना. पास त्यानंच दिला होता, दहा दिवसांपूर्वी, दुसऱ्या रांगेतला. शेवटी गेले. हॉल इतका भरला होता की पायऱ्यांवरही माणसं बसली होती. माझ्या शेजारी राळेगावहून आलेले एक आजोबा होते, धोतर-टोपीतले, एसटीनं दुपारीच येऊन बसलेले. त्यांच्या भाच्यानं तिकीट दिलं होतं. त्यांना खेळ माहीत नव्हता पण ते फार खुशीत होते.

दिवे मालवले आणि एकेका खेळाडूला प्रकाशात बोलावलं. प्रत्येकाच्या वेळी छत उडेल असा आवाज. अगदी शेवटी त्याचं नाव घेतलं. तो पूर्ण पोशाख न घालता, वर ट्रॅकसूट चढवून, हळूहळू चालत आला. बहुतेकांना तो कोण ते माहीत नव्हतं. टाळ्या पडल्या, पण ओसरल्यासारख्या. मी वाजवल्या. मग तो खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसला, एक पाय लांब करून.

सामना सुरू झाला. आमचे खेळाडू चांगले खेळले, समोरचेही. लोकांना नियम कळत नव्हते, पण चेंडू जाळीतून खाली पडला की सगळा हॉल एकदम उठायचा. चुकीच्या संघानं टाकला तरी सुरुवातीला काहीजण उठत होते, मग लाजून बसत होते.

आजोबांनी मला कोपरानं हलवलं. "बाई, तो सर्व्यात उंच माणूस, तो काहून खेळून नाही राह्यला?"

"त्याचा पाय दुखतो."

"मंग घरी काहून नाही गेला?"

"त्याला इथं बसायचं असेल."

आजोबांनी मान हलवली. नंतर कितीतरी वेळ ते खेळ सोडून त्याच्याकडेच बघत होते.

प्रत्येक वेळी खेळ थांबला की तो बाकावरून सगळ्यांत आधी उठायचा. पाण्याच्या बाटल्या द्यायचा, घामेजलेल्या मुलांच्या कानाशी वाकून काही सांगायचा, मग पुन्हा टोकाला जाऊन बसायचा. शेवटच्या काही सेकंदांत आमच्या एका खेळाडूनं दुरून चेंडू टाकला आणि तो गेला. आम्ही जिंकलो. मग काय झालं ते शब्दात सांगणं कठीण आहे. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आजोबांनी टोपी काढून हवेत धरली. पोलिसांची साखळी तुटली आणि लोक त्या लाकडी फरशीवर धावले, कोणी चपला काढल्या नाहीत.

तो गर्दीच्या कडेला उभा होता. सगळे खेळाडू एकमेकांवर पडलेले, तो बाजूला. त्यानं मान वर केली आणि हॉलभर एकदा नजर फिरवली, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरच्या रांगांपर्यंत. माझ्या बाजूनं नजर गेली तेव्हा मी उभी होते. त्यानं मला पाहिलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. हात वर करावा असं वाटलं, पण केला नाही.

त्यानंतर चार दिवस तो माझ्याच घरी होता. भांडण नव्हतं. सकाळी 'नमस्ते जी' म्हणायचा. जेवायला हॉटेलात संघाबरोबर जायचा. मी अंडी उकडून ठेवायची, तशीच राहायची. गुडघा आता डॉक्टर बघत होते, मला दाखवायचं कारण उरलं नव्हतं. मी दोनदा बोलायचं ठरवलं. मला त्याला सांगायचं होतं की माझी चूक सामन्याच्या दिवशी सांगण्याची नाही, आठ दिवस न सांगण्याची आहे. आठ दिवस आधी सांगितलं असतं तर कदाचित विश्रांती मिळाली असती, पुढच्या एखाद्या सामन्यात तरी उतरता आलं असतं. दोन्ही वेळा दारापर्यंत गेले आणि पाणी हवंय का एवढंच विचारून परतले.

पाचव्या दिवशी मी बाजारातून आले तर दाराला कुलूप. वहिनींनी किल्ली आणून दिली. "नागपूरची गाडी आलती. ते थोडा वेळ थांबले तुमच्यासाठी. मंग ड्रायव्हर घाई करून राह्यला म्हणून गेले."

"काही म्हणाले का?"

वहिनींनी आठवून बघितलं. "नाही वो. लय भारी बॅग होती, तेच उचलून नेत होते. एवढं दुखत असून."

खोली त्यानं झाडून ठेवली होती. चादर घडी करून उशाशी ठेवलेली.

दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, पंजाबी वळणाचं हिंदी. ती त्याची बायको होती. ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते की त्या पायावर एक सामना आणखी झाला असता तर पुढे नीट चालणंही अवघड होतं. "मैंने सोचा, आपको बता दूँ," ती म्हणाली.

"उन्होंने फ़ोन करने को कहा?"

ती म्हणाली, "नहीं जी. वो आपकी बात नहीं करते. यवतमाल की ही बात नहीं करते. नंबर मैंने खुद लिया है."

मी तिला व्यायाम सांगितले. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून वर उचलायचा, दहा मोजायचं, हळूच खाली. घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधायची, पण लगेच नाही, महिन्याभरानं. बाथरूममध्ये ओली फरशी नको. ती लिहून घेत होती, मधे मधे 'हाँ जी, हाँ जी' म्हणत. सगळं सांगून झाल्यावर मला आणखी काहीतरी सांगावंसं वाटत होतं, म्हणजे फोन चालू राहील. पण सांगण्यासारखं उरलं नव्हतं. तिनं पुन्हा आभार मानले. नंतर तिचाही फोन आला नाही. मी केला नाही. केला असता तर तिला त्याच्यापासून लपवावा लागला असता.

आमचा संघ पुढे बरेच सामने हरला. गर्दी कमी कमी होत गेली. बसस्थानक चौकातल्या फलकावर आता शिकवणीच्या क्लासची जाहिरात आहे. सलूनवाल्यानं काच पुसून घेतली. भाजीवालीनं एकदा विचारलं, "ते टोपलीचं बंद झालं का बाई?" मी म्हणाले, चालू आहे.

मी जाते. घरच्या मैदानावर सामना असला की तिकीट काढून जाते. आता खेळ मला पुष्कळ कळतो. खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असतात, वाटेल तिथं बसता येतं, पण मी कोणाच्या तरी शेजारी जाऊन बसते. आमचा कोणी चेंडू टाकायला उभा राहिला की आहेत तेवढे सगळे गप्प होतात, मीही होते. चेंडू गेला की शेजारचं माणूस माझ्याकडे वळून हसतं, आणि मी त्याच्याकडे. मग सामना संपतो आणि ज्यांची जी माणसं असतात ती त्यांच्याबरोबर उठून जातात.

कालही गेले होते. आज सकाळी अंगण झाडत असताना वहिनींनी भिंतीवरून विचारलं, "काय झालं वो ताई काल?"

"हरलो. सहा पॉइंटनं."

"हो का," वहिनी म्हणाल्या, आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत गेल्या.